वादळानंतरचा भाव

सोआझाराने शेंग बोटाभोवती गुंडाळून पाहिली, नाकाशी नेली आणि परत टोपलीत टाकली.

"ही व्हॅनिला नाही," ती म्हणाली. "गवत आहे हे. गाईला घाल."

टोपलीवाला डोंगराकडचा होता. शेंगा अजून दोन-तीन महिने वेलीवर राहायला हव्या होत्या, पण चोर खुडून नेतील या भीतीने त्याने आपल्याच रानात चोरासारखी घाई केली होती. बाईच्या बोलण्याचा त्याला राग आला नाही. त्या हंगामात अंतालाहा बंदरात शेंगा विकायला आलेल्या माणसाला कशाचाच राग येत नसे. त्याने टोपली उचलली आणि रस्ता ओलांडला. समोरच्या वखारीत ती वासबीस न घेता तराजूवर चढली. परत जाताना तो मुद्दाम सोआझाराच्या फाटकावरून गेला. नोटांची पिशवी त्याने खांद्यावर अशी टाकली होती, जणू आत तांदूळ आहेत.

सोआझारा खाली वाकून अंगणातली घोंगडी उलगडू लागली. शेंगांना गरम पाण्याचा चटका द्यायचा, घोंगड्यात गुंडाळून त्यांचा घाम काढायचा, मग कित्येक आठवडे रोज उन्हात मांडायच्या आणि ऊन कलायच्या आत उचलायच्या, हे काम ती चाळीस वर्षं करत होती. नवरा गेल्यावर धंदाही तिनेच सांभाळला. आता घोंगडी होती आणि ऊनही होतं, पण त्यात मांडायला मूठभर शेंगा होत्या. त्या भावाने माल घ्यायला ती तयार नव्हती.

"मूर्खांचा भाव आहे हा," ती म्हणायची. "मूर्ख संपले की भाव संपेल."

पण मूर्ख काही संपत नव्हते.

हुदा वादळ येऊन गेलं त्याला तीन वर्षं झाली होती. त्या एका रात्रीत किनाऱ्यावरच्या वेली भुईसपाट झाल्या, वखारींची छपरं समुद्रात गेली आणि व्हॅनिलाचा भाव दुप्पट झाला. सोआझाराच्या पत्र्याच्या पेट्यांत जुना माल होता. भाव पुन्हा दुप्पट झाला तेव्हा तिने तो सगळा विकून टाकला, नवं छप्पर घातलं आणि ज्याला त्याला सांगितलं की आता उतरणार. भाव उतरला नाही. पुढल्या वर्षी चढला, त्याच्या पुढल्या वर्षी आणखी चढला. ज्यांनी नुसत्या आळसाने माल ठेवला होता त्यांची दुमजली घरं झाली. तेव्हापासून गावात म्हण पडली. कुणी भूक लागायच्या आधी जेवलं, कुणी उन्हाळ्यात छत्री घेऊन निघालं, की लोक म्हणत, याने सोआझाराचा नियम पाळला.

तिच्या कानावर ते येई. ती ऐकून घेई आणि म्हणणाऱ्याकडे असं बघे, की तो दोन पावलं पुढे जाऊन मग हसे.

त्या दिवशी दुपारी तिचा धाकटा भाऊ मारोलाही आला. तो नदीपलीकडच्या मारोवातो गावात राहत असे. आई गेली तेव्हा तो रांगत होता. सोआझाराने त्याला पाठीला बांधून भात लावला होता. आता त्याच्याकडे मोटारसायकल होती. मारोवातोत ती चालवण्याजोगा रस्ता नव्हता, म्हणून ती होडीत घालून इकडे आणायची आणि इकडच्या दोन रस्त्यांवर फिरवायची. घरात सोफा होता, त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. गेल्या वर्षी त्याने बहिणीला फ्रिज भेट दिला होता. तिच्या गल्लीत वीज संध्याकाळपुरती येई. सोआझारा त्या फ्रिजमध्ये घोंगडी ठेवत असे.

"ताई, उद्या शाळेत सभा आहे," तो म्हणाला. "राजधानीहून डॉक्टर येतोय."

"कोण आजारी आहे?"

"तसला नाही गं. बाजाराचा डॉक्टर. परदेशात शिकून आलाय. तू ये. तू पण बोल काहीतरी."

"म्हणजे तुम्हाला हसायला बरं."

"कोण हसतंय?" मारोलाही म्हणाला, आणि मोटारसायकलचा आरसा पुसू लागला.

डॉक्टर रावेलोसोन पस्तिशीचा होता. मारोवातोच्या चिखलात त्याचे बूट घोट्यापर्यंत गेले होते, पण त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. शाळेच्या एका वर्गात शंभरेक माणसं दाटली होती. खिडक्यांत पोरं होती, आणि दाराशी मारोलाहीची बायको ओलिवीन मोठ्या किटलीतून कॉफी देत होती. डॉक्टर फळ्यावर एक रेघ काढत गेला. रेघ शांतपणे वर-खाली होत होती आणि एका जागी सरळ आढ्याकडे गेली.

"हे हुदा," तो म्हणाला. "या रेघेच्या अलीकडे मोठमोठ्या विद्वानांनी बाजाराचे नियम लिहून ठेवले होते. मागणी इतकी, पुरवठा इतका, म्हणून भाव इतका. एका रात्रीत सगळं वाहून गेलं. आता मला सांगा, जो नियम गरजेच्या दिवशीच गैरहजर राहतो, त्याला नियम म्हणायचं का? पावसात उघडत नाही तिला तुम्ही छत्री म्हणाल?"

लोकांना छत्री आवडली. एकमेकांना कोपरखळ्या बसल्या.

"बाजार चालतो तो अशा क्वचित घटनांवर. त्या आधी कुणाला सांगता येत नाहीत. म्हणून उद्या काय होईल हे ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मीही सांगणार नाही."

खरं तर तो एवढंच म्हणाला होता. पण वर्गातल्या माणसांना त्यातून जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. भाव उतरणार असं म्हणणाऱ्यांना काही कळत नाही, असं राजधानीच्या डॉक्टरने सांगितलं, आणि तेही फुकट.

सोआझारा उठून उभी राहिली. तिने लुगड्याचा पदर खांद्यावर नीट घेतला.

"डॉक्टर, तुमच्या राजधानीच्या डोंगरावर नारळ होतात का?"

"नाही, मादाम."

"वाटलंच. इथे होतात. कुठला नारळ कधी पडेल ते मला ठाऊक नाही. कुणाच्या बापाला ठाऊक नाही. म्हणून काय नारळ वर पडतो? झाडाखाली झोपू नये, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं."

खिडकीतली पोरं खिदळली. सोआझारा त्यांच्याकडे न बघता पुढे बोलत गेली.

"वादळ कधी येईल ते समुद्राला ठाऊक. पण ते गेल्यावर या खोलीतल्या एकूणएक गाढवाने वेली लावल्या. त्या काय वादळाने लावल्या? भात काढून लावल्या, केळी तोडून लावल्या, बापाच्या थडग्यापर्यंत लावल्या. लावल्यापासून तीन-चार वर्षांत त्या सगळ्या एकदम धरतील. तेव्हा ती व्हॅनिला कोण खाणार, मासे? आणि साहेबलोकांच्या देशात आइस्क्रीमवाला बसलाय, त्याने हा भाव बघितला आणि कारखान्यातला वास घालायला सुरुवात केली. त्याला तुमची गरज उरली नाही. हे सांगायला परदेशी जावं लागत नाही. महाग झालं की सगळे पेरतात, सगळ्यांनी पेरलं की स्वस्त होतं. याला नियम नाही तर काय पाळणा म्हणतात?"

डॉक्टरने मन लावून ऐकलं.

"ठीक आहे, मादाम. मग भाव कधी उतरेल?"

"ते नाही सांगता येणार."

"यंदा? पाच वर्षांनी?"

"उतरेल."

"तुम्ही स्वतःचा माल कधी विकलात?"

त्याने साधेपणाने विचारलं होतं. गावची म्हण त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, "पहिल्याच वर्षी! सोआझाराचा नियम!" आणि वर्ग फुटला. बाकांवर थापा पडल्या. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हलू लागल्या. सोआझाराने भावाकडे पाहिलं. मारोलाहीने हात तोंडावर धरला होता, आणि त्या हातामागे त्याचे खांदे गदगदत होते.

ती खाली बसली नाही. हसणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग चालत बाहेर गेली.

जेवायला मात्र तिला भावाच्या घरी थांबावं लागलं, कारण भरतीशिवाय होडी निघत नव्हती. ओलिवीनने भात वाढला, नारळाच्या रसातला मासा वाढला. मारोलाहीने बराच वेळ भात चिवडला आणि मग विषय काढला. त्याला बापाची लवंगांची राई तोडायची होती.

राई गावाच्या वरच्या उतारावर होती. बापाने ती तरुणपणी लावली होती. हुदात निम्मी झाडं गेली, निम्मी टिकली. दरवर्षी थोड्याफार कळ्या निघत, त्यांवर घरची मीठ-मिरची, दवाखाना आणि मारोलाहीची मुलगी हांता हिची चर्चच्या सिस्टरांच्या शाळेची फी निघे. त्यात श्रीमंती नव्हती, पण खंडही नव्हता. राईत दोघा भावंडांचा हिस्सा होता. बहिणीच्या होकाराशिवाय ती तोडता येत नव्हती.

"पूर्ण उतार व्हॅनिलाखाली येईल," मारोलाही म्हणाला. "सावलीची दुसरी झाडं लावतो. तीन वर्षांत आपण कुठल्या कुठे."

"तीन वर्षांत," सोआझारा म्हणाली.

"डॉक्टर म्हणाला ना, काय होईल कुणालाच ठाऊक नाही?"

"म्हणाला."

"मग उतरेल हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. झालं तर."

सोआझाराने घास खाली ठेवला आणि भावाकडे कौतुकाने पाहावं तसं पाहिलं. "दोन इयत्तांत एवढं डोकं? मास्तरांनी उगीच काढलं तुला शाळेतून."

तो लालबुंद झाला, पण उठला नाही. "तू हो म्हण फक्त. तुझ्या हिश्शाचं तुला देईन. आणि चुकलो तर चुकलो."

"विचार करते," ती म्हणाली.

ओलिवीन तिला धक्क्यापर्यंत सोडायला आली. होडी दिसू लागली तसा तिने नणंदेचा हात धरला.

"वन्सं, तुम्ही नाही म्हणा."

"का गं? नवऱ्याला तू सांग."

"माझं कोण ऐकतंय? आज वर्गात तुम्ही बोललात ते मला पटलं. सगळे हसले, पण मला पटलं. तुमचा हात नसेल तर वडीलधारे झाडाला कोयता लावू देणार नाहीत. एवढं करा, वन्सं. व्हॅनिला जाऊ दे जायची तर. राई राहू दे."

सोआझाराने हात सोडवून घेतला, तोही हळूच.

"माझ्या नाहीने अक्कल येत नसते, ओलिवीन," ती म्हणाली. "आपटल्यावर येते."

पुढच्या महिन्यात राईत सगळे जमले. झाड तोडण्याआधी पूर्वजांना विचारावं लागतं, आणि विचारायचं काम झाओवेलोचं होतं. तो घराण्यातला सगळ्यात वृद्ध, दोन्ही डोळ्यांनी अधू. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी उभा राहून त्याने बापाला, आजाला, त्याच्या आजाला हाका मारल्या, लेकरं हे झाड मागताहेत असं सांगितलं, आणि उसाच्या दारूचा पेला पुढे केला. आधी भावाने ओतायचं, मग बहिणीने. दोघांनी ओतलं की परवानगी झाली. कुणी एकाने पेला परत केला तर सगळ्यांनी घरी जायचं, आणि त्याचं कारण विचारायचं नाही, अशी रीत.

कळ्या नुकत्या धरू लागल्या होत्या. उतारावर वास होता.

मारोलाहीने घोटभर दारू मुळाशी सांडली. पेला सोआझाराकडे आला. समोर बायकांच्या रांगेत ओलिवीन उभी होती. तिच्या शेजारी सुट्टीला घरी आलेली हांता होती, शाळेचा निळा झगा घालून. ओलिवीन नणंदेच्या हाताकडे बघत होती.

सोआझाराने भावाकडे पाहिलं. तो कोयत्याची धार अंगठ्याने चाचपत होता. चेहऱ्यावर पोरकट उतावीळ हसू होतं, वर्गात हाताआड लपवलं होतं तेच.

तिने पेला पूर्ण पालथा केला. दारू मुळांवरून वाहत तिच्या पायांपर्यंत आली.

"बापाने भरभरून प्यावं," ती म्हणाली.

लोकांना वाटलं, म्हातारीचं मन मोठं.

भाव पुढल्या वर्षी कोसळला. गाजावाजा असा काही झाला नाही. आधी परदेशातल्या व्यापाऱ्यांचे फोन कमी झाले. मग दलाल वास घेऊ लागले, शेंगा बोटाभोवती गुंडाळून पाहू लागले. मग ते म्हणाले, ठेवून जा, बघू. हंगाम आला तेव्हा नव्या वेली सगळ्या धरल्या होत्या, आणि जिथे नोटा पिशव्यांनी गेल्या होत्या तिथे शेंगा पिशव्यांनी परत येऊ लागल्या. कितीतरी घरांत त्या पलंगाखाली बुरसल्या. समोरच्या वखारीला कुलूप लागलं. मारोलाहीची मोटारसायकल गेली, मग सोफा गेला. तोवर प्लास्टिक पिवळं पडलं होतं, पण ते तसंच होतं. लवंगांच्या उतारावर नव्या वेली गुडघाभर वाढल्या होत्या आणि त्यांना फूल यायला अजून दोन वर्षं होती. हांताला सिस्टरांनी दोन महिने सांभाळून घेतलं. मग ती राजधानीला गेली, कुणाच्या तरी घरी मुलं सांभाळायला. ती चौदा वर्षांची होती.

सोआझारा त्या दिवसांत जरा जास्तच बाहेर पडू लागली. बाजारात जाई, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसे, नको असलेली मासळी घासाघीस करून घेई. एका माणसाने एकदा म्हणावं, बाई, तुम्ही सांगितलं होतंत, एवढीच तिची अपेक्षा होती. कुणीही म्हटलं नाही. लोक भेटत, तांदळाचं बोलत, तापाचं बोलत, आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणत, "काय करणार? हेही एक वादळच. कुणाला ठाऊक होतं?"

"मला," ती म्हणे.

लोक मान हलवत आणि कोपऱ्यावर वळत.

डॉक्टर रावेलोसोन परत येणार असं कळलं, तेव्हा तिला कुणी निमंत्रण दिलं नाही. ती आपणहून गेली. या वेळी वर्ग अर्धा भरला होता. ओलिवीन दाराशी होती, पण किटलीत पातळ कॉफी होती आणि साखर नव्हती. डॉक्टरने फळ्यावर तीच रेघ काढली, आढ्याकडे नेली आणि तिथून सरळ खाली आणली. त्याचा आवाज उतरला होता. लोकांच्या तोंडाकडे बघून त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

"मी तुम्हाला एवढंच सांगायला आलोय," तो म्हणाला, "की स्वतःला दोष देऊ नका. चढ जसा कुणाला सांगता आला नव्हता, तसा उतारही नव्हता. अशा घटनांपुढे शहाणा-वेडा असा भेद नसतो."

वर्गातून एक मोठा श्वास सुटला. माणसांच्या माना वर आल्या. आपण मूर्ख नव्हतो हे इतक्या लांबून येऊन कुणीतरी सांगितलं होतं. मारोलाही पहिल्या बाकावर होता. तो डोळे मिटून मान हलवत होता.

सोआझारा मोठ्याने हसली.

"वा डॉक्टर," ती म्हणाली. "चढताना डोळे मिटायला तुम्हीच सांगितलंत आणि आपटल्यावर मलम लावायलाही तुम्हीच. चढ वादळाने आणला, मान्य. उतार कुणी आणला? समुद्रातून आला? हे बसलेत बघा उतार आणणारे. हा, हा, आणि तो मागचा. कोवळ्या शेंगा विकून आपल्या हाताने आपलं नाव घालवलं. भात उपटून वेली लावल्या. आगीत लाकडं घालायची आणि म्हणायचं, धूर कुठून आला कुणाला ठाऊक. मी याच वर्गात सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही दात काढलेत."

कुणी वर बघेना.

"विचारा याला," ती म्हणाली. "सख्खा भाऊ आहे. विचारा, म्हटलं होतं की नाही."

मारोलाही उठला. वर्षभरात त्याची मान बारीक झाली होती. त्याने बाकाची कड धरली.

"म्हणाली होती," तो म्हणाला. "ताई म्हणाली होती, उतरणार. नारळाचं म्हणाली, आइस्क्रीमचं म्हणाली. सगळं तसंच झालं. तिला ठाऊक होतं." तो थांबला. "मी हसलो होतो."

आता सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरनेही खडू खाली ठेवला. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते सोआझाराला मिळालं होतं, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

"वन्सं," दाराशी ओलिवीन म्हणाली.

तिचा आवाज वर्गात पूर्वी कुणी ऐकला नव्हता. तिच्या हातात किटली होती आणि ती खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं ना. मग राईत पेला का ओतलात?"

खिडकीत पोरं नव्हती. बाहेर कुणीतरी भात कांडत होतं. मारोलाहीने सावकाश बहिणीकडे तोंड वळवलं. त्याला उत्तर हवं होतं असं नाही. हा प्रश्न आहे, हेच त्याला आत्ता कळत होतं.

सोआझाराने पदर खांद्यावर घेतला. तो खांद्यावरच होता. तिने पुन्हा घेतला.

"तसं..." ती म्हणाली. "तसं अगदी नक्की कुणाला ठाऊक असतं?"

"नेमकं हेच!" डॉक्टर म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. "मादाम, मी नेमकं हेच सांगत होतो."

लोक पुन्हा सैलावले. कुणीतरी टाळी वाजवली, मग दोघा-तिघांनी वाजवली. सोआझाराच्या शेजारच्या म्हातारीने सरकून तिला बाकावर जागा केली, आणि ती बसली. ओलिवीन हातातल्या किटलीसकट दारातून बाहेर गेली.

परतीच्या वेळी धक्क्यावर दुसरी होडी नव्हती. मारोलाहीच आला. बहिणीला हात देऊन त्याने आत बसवलं, दोर सोडला आणि वल्हं मारायला लागला. नदी मध्यावर रुंद होते आणि तिथे समुद्राचं पाणी आत शिरतं. सोआझारा त्याच्या पाठीकडे बघत होती. सदरा विटला होता आणि पाठीची हाडं मोजता आली असती.

"हांताचं पत्र आलंय," तो म्हणाला. "घर बरं आहे म्हणते. भात पोटभर देतात."

"बरं."

दहा-बारा वल्ही झाली.

"डॉक्टर बरोबर म्हणतो, ताई," मारोलाही म्हणाला. मागे वळून न बघताच तो बोलत होता, आणि प्रत्येक शब्द पाण्यात जपून ठेवावा तसा ठेवत होता. "असलं आधी कुणालाच ठाऊक नसतं. तुलाही नव्हतं. हो ना?"

तिच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. आयुष्यभर येत होतं तसंच, धारदार आणि तयार. ओठ उघडले आणि खारं वारं आत गेलं.

पलीकडचा किनारा अजून लांब होता. सोआझाराने होडीची कड दोन्ही हातांनी धरली.

"हो रे," ती म्हणाली.

तो वल्हं मारत राहिला.